नवं शरीर घडायला नवी जनुकं लागतात का? कालवं, गोगलगाय आणि ऑक्टोपस

ओहोटी

नमस्कार मंडळी,

मोठ्या ओहोटीला हाजी अलीजवळचे किंवा वांद्र्याच्या बॅण्डस्टँडचे खडक उघडे पडले की हातभर जागेत किती तऱ्हेचे मृदुकाय प्राणी दिसतात! खडकाला घट्ट धरून बसलेली कालवं. त्यांच्या शेजारी शंकूच्या आकाराचं कवच असलेले लिंपेट. पाठीवर आठ पट्ट्यांचं कवच घेऊन फिरणारे चपटे चिटॉन. कवचच नसलेला, शेवाळ खरवडत सरकणारा ऑन्किडियम. आणि नशिबात असेल तर एखाद्या डबक्यात ऑक्टोपस.

हे सगळे एकाच संघातले. पाऊण लाखाहून अधिक जिवंत जाती या संघात नोंदलेल्या आहेत. कीटक-खेकड्यांचा संघ सोडला तर एवढा मोठा पसारा दुसऱ्या कुठल्याच प्राणिसंघाचा नाही. पण एकाला डोकंच नाही आणि दुसरा बाटलीचं झाकण फिरवून उघडतो. एकाचं कवच पिळदार, दुसऱ्याचं दोन झडपांचं, तिसऱ्याने ते टाकूनच दिलेलं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत यातल्या बऱ्याच जणांचे जीनोम, म्हणजे डीएनएचा अख्खा मजकूर, वाचून झाले. २०१२ मध्ये पॅसिफिक कालव, २०१३ मध्ये लोटिया नावाचा लिंपेट, २०१५ मध्ये ऑक्टोपस. ते वाचताना एक प्रश्न मनात घट्ट बसला. एवढी वेगळी शरीरं घडायला वेगळी, नवी जनुकं लागली का? की जुनीच जनुकं नव्या जागी, नव्या वेळी वापरली गेली?

माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. जाणकारांनी लिहावं. आणि ज्यांचा या प्राण्यांशी संबंध बाजारात, स्वयंपाकघरात किंवा खाडीत येतो त्यांनीही जरूर लिहावं.

---

सुगरण_विरार

तिसऱ्यांचं सुकं आणि कालवांचं कालवण आयुष्यभर केलं, पण ऑक्टोपस त्यांचा भाऊबंद आहे हे आज कळलं. माकूलही त्यातलंच ना? वाचतेय.

---

ओहोटी

हो सुगरणताई, माकूल तर ऑक्टोपसचं अगदी जवळचं. दोघेही शीर्षपाद, म्हणजे डोक्यालाच हात फुटलेले.

---

प्रयोगशाळेतून

चांगला धागा. मी जीनोमच्या कामातच आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

कालवापासून सुरुवात करू. पॅसिफिक कालवाचा जीनोम साधारण ५५ कोटी अक्षरांचा, जनुकं २८ हजारांच्या आसपास. माणसाची प्रथिनं बनवणारी जनुकं २० हजारांच्या घरात, म्हणजे संख्येवरून कोण वरचढ हे ठरत नाही. या कालवात लक्ष वेधून घेतं ते एचएसपी-७० नावाचं जनुककुटुंब. उष्णतेने किंवा दुसऱ्या ताणाने पेशीतली प्रथिनं बिघडायला लागली की ही मंडळी त्यांना सांभाळतात. माणसात अशी १७ जनुकं, कालवात ८८.

आता मे महिन्यातला भर दुपारचा खडक डोळ्यासमोर आणा. पाणी उतरलंय, ऊन थेट कवचावर पडतंय. कालवाला पळून सावलीत जाता येत नाही, एकदा चिकटलं की जन्मभर तीच जागा. मिटून घ्यायचं आणि भरतीची वाट बघायची, एवढंच हातात. त्या सगळ्या वेळात पेशींच्या आत ही जनुकं जोरात चालू असतात. प्रयोगात कालवं हवेत ठेवली, तापवली, खारेपणा बदलला, आणि प्रत्येक वेळी कुठली जनुकं जागी झाली ते मोजलं. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहण्याची किंमत जीनोममध्ये अशी लिहिलेली दिसते.

आता मूळ प्रश्न. एचएसपी-७० हे नवं जनुक नाही, जिवाणूंतही त्याचे नातेवाईक आहेत. कालवाने त्याच्या प्रती वाढवल्या. म्हणजे ‘नवं की जुनं’ यात तिसरा पर्यायही आहे: जुन्याच्या भरपूर प्रती काढायच्या आणि त्यांना थोडी वेगवेगळी कामं वाटून द्यायची.

ऑक्टोपसचंही तसंच. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या दोन ठिपकेवाल्या ऑक्टोपसचा जीनोम २७० कोटी अक्षरांचा निघाला, आपल्या ३०० कोटींच्या जवळपास. एवढा मेंदू आहे म्हणजे अख्खा जीनोम कधीतरी दुप्पट झाला असेल, असं अनेकांना वाटत होतं. तसा पुरावा मिळाला नाही. त्याऐवजी काही मोजकी कुटुंबं प्रचंड वाढलेली दिसली. त्यातलं एक प्रोटोकॅडहेरिन. चेतापेशींनी एकमेकींना ओळखून योग्य जोडण्या करायला ही प्रथिनं लागतात. ऑक्टोपसमध्ये ती १६८ निघाली, माणसाच्या दुपटीहून जास्त. दुसरं कुटुंब झिंक फिंगर, इतर जनुकांची चालू-बंद ठरवणाऱ्यांपैकी. ती १,८०० च्या आसपास.

---

दादर_फास्ट

म्हणजे मला कळलं ते असं: डबे तेच, वेळापत्रक वेगळं. तीच गाडी स्लो म्हणून सोडली की कालव, फास्ट म्हणून सोडली की ऑक्टोपस. आणि गर्दीच्या मार्गावर जास्त गाड्या.

बरोबर आहे का प्रयोगशाळावाले दादा?

---

प्रयोगशाळेतून

@दादर_फास्ट, पुष्कळसं बरोबर. फक्त शीर्षपादांनी रूळही उखडून पुन्हा टाकले आहेत. जपानी स्कॅलपचा, म्हणजे एका दोन झडपांच्या शिंपल्याचा, जीनोम २०१७ मध्ये आला. त्याची १९ गुणसूत्रं बघितली तर प्राण्यांच्या फार जुन्या पूर्वजाची मांडणी तिथे अजून बरीचशी शाबूत आहे. ऑक्टोपस-माकूल यांच्या पूर्वजात मात्र जनुकांचे शेजार मोडून नवे शेजार जमले. एखाद्या जनुकाशेजारी कोण बसलंय यावर ते कधी चालू होणार हे बरंच अवलंबून असतं. तेव्हा जनुकं जुनी राहूनही नवं काही घडायला वाव मिळाला.

---

मुलुंडचा_मुसाफिर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं की ऑक्टोपस परग्रहावरून आलाय आणि हे शास्त्रज्ञांनीच सांगितलंय. त्याची जनुकं पृथ्वीवरच्या कुणाशी जुळत नाहीत म्हणे. यात तथ्य आहे का?

---

नीरजा

@मुलुंडचा_मुसाफिर, तथ्य नाही. हे आलंय २०१८ च्या एका शोधनिबंधातून. ऑक्टोपसची अंडी गोठलेल्या अवस्थेत धूमकेतूबरोबर पृथ्वीवर आली असावीत, अशी कल्पना ३३ लेखकांनी त्यात मांडली होती. पुरावा म्हणून नवी मोजमापं काहीच नव्हती.

जीनोम नेमकं उलट सांगतो. ऑक्टोपसची हजारो जनुकं कालव आणि लिंपेटच्या जनुकांशी जुळतात, पुढे जाऊन गांडुळाशी, माशीशी आणि तुमच्या-माझ्याशीही जुळतात. वर प्रोटोकॅडहेरिनचा उल्लेख आलाय, ते कुटुंब आपल्याकडेही आहे. परग्रहावरून आलेल्या जिवाने आपलीच जनुकं बरोबर आणली असं मानायचं का? ऑक्टोपसची वाट लिंपेटपासून वेगळी होऊन पन्नास कोटी वर्षं झाली असतील. एवढ्या काळात तो वेगळा दिसायला लागला तर त्यात आभाळाकडे बघण्यासारखं काय आहे?

खरी विलक्षण गोष्ट मात्र त्या फॉरवर्डमध्ये राहूनच जाते. डीएनएवरून आरएनएची प्रत निघाली की ऑक्टोपस, माकूल आणि कटलफिश त्या प्रतीत अक्षरं बदलतात. ‘ए’ या अक्षराचं ‘आय’ होतं आणि त्यामुळे प्रथिनही बदलतं. माणसात प्रथिन बदलणारी अशी संपादनं फार थोडी. माकूलमध्ये अशा हजारो जागा आहेत आणि त्यातल्या पुष्कळशा चेतासंस्थेच्या जनुकांत. त्यांचाच कवचवाला नातेवाईक नॉटिलस हे एवढ्या प्रमाणावर करत नाही. २०२३ च्या प्रयोगात ऑक्टोपसला गार पाण्यात ठेवलं तर हजारो जागांचं संपादन वाढलं, तेही काही दिवसांत. जनुक तेच ठेवून प्रत बदलायची, ही ओहोटीच्या प्रश्नावरची चौथी तऱ्हा.

---

मुलुंडचा_मुसाफिर

धन्यवाद नीरजाताई. तुमचा प्रतिसाद ग्रुपवर डकवतो. तिथे याहून मोठं काही कुणी वाचत नाही, पण हे वाचतील.

---

भुलेश्वरकर

थोडं अवांतर, पण विषयाच्या जवळचं. आमच्या भागात पूजासाहित्याच्या दुकानात दक्षिणावर्ती शंख म्हणून जे विकतात त्याच्या किमती ऐकून भोवळ येते. नेहमीचा शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरला तर तोंड उजव्या बाजूला येतं. दक्षिणावर्ती म्हणून देतात त्याचं डाव्या बाजूला. तो खरंच लाखांत एक असतो का? आणि शंखाने कुठल्या बाजूला वळायचं हे जनुकात लिहिलेलं असतं का?

---

नीरजा

@भुलेश्वरकर, अवांतर मुळीच नाही. मृदुकायांच्या विकासातली सगळ्यात सुंदर गोष्ट तुम्ही विचारलीत.

तळ्यात राहणाऱ्या लिम्निया नावाच्या गोगलगायीत बहुतेक जणी उजव्या वळणाच्या, थोड्या डाव्या वळणाच्या. १९२० च्या दशकात संकर करून पाहिले तर हिशेब जुळेना. डाव्या गोगलगायीला उजवी पिल्लं, उजवीला डावी. १९२३ मध्ये अल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी उलगडा केला. पिल्लाचं वळण त्याच्या स्वतःच्या जनुकांवर ठरतच नाही, आईच्या जनुकांवर ठरतं. आईकडे उजव्या वळणाची एक जरी प्रत असेल तर सगळी पिल्लं उजवी, मग पिल्लाकडे स्वतःला ती प्रत आलेली असो वा नसो. म्हणून परिणाम एक पिढी उशिरा दिसतो.

कारण असं की अंडं तयार होताना आई त्यात स्वतःची प्रथिनं आणि आरएनए भरून ठेवते, आणि वळणाचा निर्णय इतका आधी होतो की पिल्लाची जनुकं तेव्हा कामालाही लागलेली नसतात. चार पेशींच्या आठ होतात तेव्हा वरच्या चार लहान पेशी खालच्या चारांवर सरळ न बसता थोड्या वळून बसतात. घड्याळाच्या दिशेने वळल्या तर उजवी गोगलगाय, उलट वळल्या तर डावी. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी काचेच्या बारीक सळईने त्या पेशी उलट बाजूला ढकलल्या. भ्रूण वाढला, आणि अख्खा प्राणी आरशातल्यासारखा उलटा झाला, कवच आणि आतले अवयव दोन्ही. पुढे बाजू ठरवणारं नोडल नावाचं जनुकही विरुद्ध बाजूला चालू झालं. हे नोडल आपल्यातही आहे, आपलं हृदय डावीकडे झुकतं त्यामागे त्याचा हात आहे.

मूळ जनुक सापडायला २०१६ उजाडलं. ते फॉर्मिन कुटुंबातलं, पेशीचा आतला सांगाडा उभारणारं. २०१९ मध्ये क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने ते बंद केल्यावर उजव्या वाणाला डावी पिल्लं झाली. जनुक पुन्हा जुनंच, फॉर्मिन यीस्टमध्येही असतात. ओहोटीच्या बाजूने एक मत.

आता दुकानातल्या शंखाबद्दल. उलट्या वळणाचा खरा शंख फार दुर्मिळ, यात शंका नाही. पण प्रत्येक उलटं वळण जनुकातून येतं असं नाही. इंग्लंडमध्ये २०१६ मध्ये जेरेमी नावाची डाव्या वळणाची बागेतली गोगलगाय गाजली होती. तिच्यासाठी जोडीदार शोधायचं आवाहन नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकाने केलं, कारण उलट वळणाच्या गोगलगायींचं नेहमीच्यांशी मीलन जमत नाही. पिल्लं जवळजवळ सगळी उजवी निघाली. त्या जातीत डावं वळण बहुधा भ्रूणाच्या वाढीतल्या अपघाताने येतं असं पुढच्या अभ्यासात दिसलं.

---

जुना_शंखवाला

भुलेश्वरकर, नीरजा यांनी विज्ञान सांगितलं, मी ओळख सांगतो. बाजारात दक्षिणावर्ती म्हणून खपतात त्यातले पुष्कळ अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे लाइटनिंग वेल्क असतात. त्या जातीची जवळजवळ सगळी माणसं, म्हणजे शंख, डाव्या वळणाचे. तिथे ते मुबलक. आपला पवित्र शंख ही वेगळी जात. तोंडातून आत बघा किंवा बोट फिरवा: मधल्या खांबावर तीन-चार ठळक आडवे कंगोरे लागले तर आपला शंख. खांब गुळगुळीत असेल तर अमेरिकेचा पाहुणा. कवच हातात घेऊ दिलं नाही तर विकत घेऊ नका.

---

दादर_फास्ट

नीरजाताई, सगळं आईवर, बापाचं काहीच नाही? अन्याय आहे हा.

---

नीरजा

@दादर_फास्ट, तुमच्यासाठी शिंपल्यांत न्याय आहे. आपल्याकडे मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा, डीएनए फक्त आईकडून येतो. युरोपातल्या निळ्या शिंपल्यांत आईचा मुलामुलींना, आणि बापाचा वेगळा मायटोकॉन्ड्रिया फक्त मुलांना. दोन वंशावळी शेजारी-शेजारी चालतात. प्राणिजगतात हे फार क्वचित, आणि त्यातले जवळपास सगळे दोन झडपांचे शिंपले.

---

आडवाटेचा_पांथस्थ

डाव्या गोगलगायीला जोडीदार मिळत नाही, मग काही जाती पूर्ण डाव्या कशा झाल्या? हा प्रश्न मला वाचल्यापासून छळतोय.

जपानच्या नैर्ऋत्येकडच्या बेटांवर फक्त गोगलगायी खाणारा एक साप आहे. त्याच्या उजव्या जबड्यात डाव्यापेक्षा जास्त दात. उजव्या वळणाची गोगलगाय ओढून काढायला ते सोयीचं. डाव्या वळणाची त्याच्या तोंडातून निसटते. जिथे तो साप आहे तिथे डाव्या जाती जास्त सापडतात. म्हणजे एका जनुकाने वळण बदललं, मीलन तुटलं, आणि सापाने त्यांना तगवलं. एका जनुकाने नवी जात! मला तरी उत्क्रांतीचं इतकं सरळ उदाहरण दुसरं माहीत नाही.

---

वेसावची_पोर

मी वेसाव्याची, कोळी घरातली. धागा आवडला पण एक बोलायचं आहे.

तुम्ही कालव कालव म्हणताय, पण आमच्याकडं कालव एक नाही. खडकावरचं लहान, कडेला करकरीत दातरं असलेलं, हात कापतं ते वेगळं. खाडीतलं मोठं, लांबट, ते वेगळं. आजी चवीवरून सांगायची कुठलं कुठून आलंय. पण खडक बदलला की तेच कालव आकार बदलतं, हेही तीच सांगायची. अडचणीत वाढलं तर उभं लांब होतं, मोकळ्या जागेत पसरट. मग शास्त्रज्ञ कवच बघून जात कशी ठरवतात?

आणि दुसरं. खाडीत तिसऱ्या कमी झाल्यात. ओहोटीला चिखलात बसून आई-मावश्या पाट्या भरून आणायच्या तेवढ्या आता मिळत नाहीत. काळा गाळ वर येतो, त्याला वास येतो. त्या ८८ जनुकांना उन्हाचा ताण झेपत असेल, पण नाल्यातून जे येतं त्याचा ताण झेपतो का? जीनोम वाचून खाडीचं काय भलं होणार ते कुणी सांगा.

---

प्रयोगशाळेतून

@वेसावची_पोर, तुमच्या आजींचं निरीक्षण अगदी नेमकं आहे आणि कालवांच्या अभ्यासकांची मोठी डोकेदुखी तीच. कालवाचं कवच बसायच्या जागेप्रमाणे आकार घेतं, त्यामुळे कवचावरून ठरवलेल्या कितीतरी जाती पुढे चुकीच्या निघाल्या. आता मायटोकॉन्ड्रियातल्या एका जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचून जात ठरवतात. त्याला डीएनए बारकोडिंग म्हणतात. मांसाचा नखाएवढा तुकडा पुरतो.

खाडीच्या प्रश्नावर: वाचलेला जीनोम नाला साफ करत नाही, हे खरं. पण कुठल्या प्रदूषणाने कुठली जनुकं जागी होतात हे कळलं की कालवं-शिंपले मरायच्या आधी त्यांच्या पेशीत ताण दिसतो. पाण्याची बाटली भरून तपासली तर त्या क्षणाचं पाणी कळतं. शिंपलं महिनोन्‌महिने तेच पाणी गाळत बसलेलं असतं, त्याच्या शरीरात त्या सगळ्या काळाची नोंद असते. म्हणूनच हिरव्या शिंपल्यांचा उपयोग किनाऱ्याच्या प्रदूषणावर नजर ठेवायला आशियात ठिकठिकाणी करतात. त्याच हिरव्या शिंपल्याचा, म्हणजे शिनाण्याचा, गुणसूत्रांपर्यंत जुळवलेला जीनोम २०२३ मध्ये आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने प्रसिद्ध केला. ७२ कोटींच्या आसपास अक्षरं, १५ गुणसूत्रं. आपल्या किनाऱ्यावरच्या, आपल्या ताटातल्या प्राण्याचा संदर्भ आता आपल्याकडे आहे. कॅलिफोर्नियाच्या प्राण्यावरून अंदाज बांधायची गरज उरली नाही.

---

वेसावची_पोर

हे पटलं. मग ही माहिती खाडीकाठच्या बायांपर्यंत मराठीत यायला पाहिजे. कुठल्या महिन्यात कुठल्या भागातल्या तिसऱ्या खाऊ नयेत, एवढं जरी कळलं तरी पुष्कळ.

---

सुगरण_विरार

+१. खाणाऱ्यांनाही कळू दे.

---

बोरिवली_बागवान

पावसाळ्यात आमच्या बागेत मुठीएवढ्या गोगलगायी येतात, झेंडूची रोपं एका रात्रीत फस्त. त्या आफ्रिकेतल्या ना? त्यांचाही जीनोम वाचलाय का, काही इलाज निघाला का?

---

आडवाटेचा_पांथस्थ

@बोरिवली_बागवान, होय, आफ्रिकन महाकाय गोगलगाय. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंख-अभ्यासकाने मॉरिशसहून कोलकात्यात आणून सोडल्याची नोंद आहे. तिथून देशभर. मराठवाड्यात सोयाबीनचं कोवळं पीक गोगलगायींनी खाल्ल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच.

जीनोम २०१९ मध्ये आला, ३१ गुणसूत्रं. आणि इथे दादर_फास्ट यांच्या वेळापत्रकाला धक्का आहे: हिच्या पूर्वजात सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी अख्खा जीनोम दुप्पट झाला होता. पाण्यातून जमिनीवर राहायला लागणाऱ्या गोष्टींत, म्हणजे चिकट स्राव, कोरड्या दिवसांत मिटून पडून राहणं, यात त्या जादा प्रतींचा उपयोग झाला असावा असं संशोधक मांडतात. ऑक्टोपसला जे लागलं नाही ते गोगलगायीकडे आहे.

इलाज अजून जुनाच. संध्याकाळी ओली गोणपाटं टाकून ठेवा, सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका. हातमोजे मात्र घालाच. यांच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातला एक कृमी असू शकतो, तो माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. मीठ थेट कुंडीत टाकू नका, माती बिघडते.

---

तर्ककर्कश

एवढा वेळ सगळे ‘जुनीच जनुकं’ या बाजूने बोलताहेत. मला दुसरी बाजू मांडायची आहे.

मृदुकायांची ओळख कशाने होते? कवचाने. कवच बनवतो तो प्रावार, शरीरावरचा पातळ पडदा. त्याच्या कडेच्या पेशी प्रथिनं सोडतात आणि त्या प्रथिनांच्या चौकटीत कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक बसतात. २००६ मध्ये अबॅलोन नावाच्या समुद्री गोगलगायीच्या प्रावाराची जनुकं तपासली. त्यातली पुष्कळशी दुसऱ्या कुठल्याच प्राण्यात सापडली नाहीत. २०१० मध्ये अबॅलोन आणि मोत्याचं कालव यांची तुलना झाली. दोघांच्याही कवचाच्या आत चकचकीत मोतीथर असतो, तरी तो बनवणाऱ्या जनुकांच्या याद्यांत साम्य फारच थोडं. म्हणजे डोळ्याला जे सारखं दिसतं ते आतून वेगळ्या सामानाने बनलेलं. प्रावार ही नव्या जनुकांची खाणच आहे. तेव्हा ‘डबे तेच’ हे कवचाला लागू पडत नाही.

---

नीरजा

@तर्ककर्कश, मुद्दा जोरदार आहे, आणि याद्यांबद्दल वाद नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. कवच कशाचं बनतं आणि कवच कुठे, कोणत्या आकारात बनतं.

‘कशाचं’ यात नवी प्रथिनं भरपूर आहेत. ‘कुठे आणि कसं’ यात जुनीच जनुकं. एक उदाहरण देते. डीपीपी नावाचं जनुक माशीच्या पंखापासून आपल्या हाडांपर्यंत सगळीकडे कामाला येतं. २०१३ मध्ये जपानमध्ये पाहिलं की उजव्या वळणाच्या लिम्नियात ते प्रावाराच्या उजव्या बाजूला जास्त चालतं, डाव्या वळणाच्यात डाव्या बाजूला. आणि ज्याचं कवच पिळदार नसतं त्या लिंपेटमध्ये दोन्ही बाजूंना सारखं. एका बाजूची वाढ जास्त झाली की कवच पिळतं. हे जुनं जनुक हाताशी नसतं तर नव्या प्रथिनांनी नुसता थर बनला असता, शंख नव्हे.

---

तर्ककर्कश

हा फरक मान्य. पण मग मूळ प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं देता येणार नाही. बांधकामाचं सामान नवं, नकाशा जुना, असं म्हणा.

---

प्रयोगशाळेतून

सामानही दर वेळी नवं लागत नाही. हिंदी महासागरात, अडीच किलोमीटर खोल, उष्ण झऱ्यांजवळ एक गोगलगाय राहते. तिच्या पायावर खवले आहेत आणि त्यांवर लोहाच्या सल्फाइडचा थर. २००१ मध्ये ती सापडली तेव्हा असं काही जिवंत प्राण्यात कुणी पाहिलं नव्हतं. २०२० मध्ये जीनोम आला. खवले बनवताना जी जनुकं चालतात ती इतर मृदुकायांतही आहेत. सगळ्यात नवलाचा अवयव, आणि जनुकं जुनी. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये ती धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदवली गेली, हेही सांगून ठेवतो.

हॉक्स जनुकांचंही इथेच सांगतो. शरीराच्या डोक्यापासून शेपटीपर्यंतचे भाग ठरवणारी ही जनुकं. लिंपेटमध्ये ती ११ आहेत, एका ओळीत, शिस्तीत. चिटॉनच्या अळीत ती शरीराच्या लांबीवर क्रमाने चालू होतात. माकूलच्या जवळच्या बॉबटेल स्क्विडमध्ये तीच जनुकं हात आणि पाणी फेकणारी नळी घडवताना दिसतात, क्रम सोडून. २०१५ मध्ये ऑक्टोपसची हॉक्स जनुकं विखुरलेली वाटली होती. नंतर बॉबटेलचा जीनोम जास्त लांब तुकड्यांत जुळवल्यावर कळलं की ती एकाच गुणसूत्रावर आहेत, फक्त एकमेकांपासून फार लांब पसरलेली.

---

चिटॉनप्रेमी

चिटॉनचं नाव आलं म्हणून लिहितो, त्यांच्याकडे कुणी बघतच नाही. पूर्वी वाटायचं की चिटॉन आणि कवच नसलेले, किड्यासारखे खोल समुद्रातले मृदुकाय ही सगळ्यात आदिम मंडळी, बाकीचे त्यांच्यातून पुढे आले. २०११ मध्ये दोन गटांनी शेकडो जनुकांची तुलना केली. चिटॉन आणि ते किड्यासारखे प्राणी एक शाखा, बाकी सगळे दुसरी. कुणी कुणाचा पूर्वज नाही, दोघे बरोबरीचे. किड्यासारखे दिसणारे साधे आहेत ते बहुधा त्यांनी कवच गमावलं म्हणून.

आणि चिटॉनच्या दातांवर मॅग्नेटाइट असतं. लोहचुंबकाला चिकटणारे दात! खडक खरवडतो तो उगाच नाही.

---

ओहोटी

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार.

माझा प्रश्न ‘हो की नाही’ असा होता, तो तसा विचारणंच पुरेसं नाही असं आता दिसतं. तर्ककर्कश यांचा कवचाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त अडवतो. पण एक गोष्ट मला धाग्यातून ठळक दिसते. बाजू कुठली, पुढचा भाग कुठला, पेशी कुठे वळायच्या, हे ठरवणारी जनुकं पन्नास कोटी वर्षांत फारशी बदलली नाहीत. बाहेरच्या जगाशी थेट भिडणारी जनुकं, म्हणजे कवच, ऊन, शत्रू यांच्याशी संबंध असलेली, भराभर वाढली किंवा नवी झाली. कालवाची ८८ आणि अबॅलोनचा प्रावार दोन्ही या दुसऱ्या गटात. ऑक्टोपसची प्रोटोकॅडहेरिन कुठल्या गटात टाकायची, यावर मात्र मी अडले आहे. ती शरीराच्या आतली जोडणी करतात, तरी वाढली आहेत.

---

तर्ककर्कश

मेंदू हाच ऑक्टोपसचा बाहेरच्या जगाशी भिडायचा अवयव आहे. कवच टाकल्यावर दुसरं काय उरलं होतं त्याच्याकडे?

---

ओहोटी

हे आवडलं. यावर विचार करते.

---

बारावी_सायन्स

मी ठाण्यात बारावीला आहे. हा धागा दोनदा वाचला. मला यातच पुढे काम करायचं आहे, मुंबईत राहून करता येईल का?

---

प्रयोगशाळेतून

@बारावी_सायन्स, येईल. प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा मत्स्यविज्ञान यापैकी कशातही पदवी घे. मत्स्यविज्ञानाची पदवी घेतलीस तर वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडी होते. तिथे मत्स्य अनुवंशशास्त्राचा विभाग आहे. थोडं प्रोग्रॅमिंग आत्तापासून शिक, पायथन पुरे. वर आलेल्या बहुतेक प्राण्यांचे जीनोम सार्वजनिक आहेत, एनसीबीआय या अमेरिकेतल्या जीवशास्त्रीय माहितीकेंद्राच्या साइटवरून फुकट उतरवता येतात. कालवाचं एचएसपी-७० शोध आणि माणसाच्या शेजारी ठेवून बघ, एका रविवारचं काम आहे. अडलास तर इथेच विचार.

---

वेसावची_पोर

आणि सुट्टीत वेसाव्याला ये. कालवं खडकावरून कशी काढतात ते आई दाखवेल. जाड तळव्याची चप्पल घालून ये, अनवाणी नको.

---

बारावी_सायन्स

परीक्षा झाली की नक्की येतो ताई. एचएसपी-७० आज रात्रीच शोधतो.